वकिलीच्या वाटेवरील कला शाखा

मुलाला वकील करावयाचे आहे, तर त्याने बी.ए.ला कोणता विषय घ्यावा, असे बोरीवलीतील पालक आम्हां शिक्षकांना नेहमी विचारतात. बोलण्यात एक शंकाही डोकावते, की कला शाखा म्हणजे गुण कमी पडलेल्यांचा आसरा! मुंबईच्या वकिलीचा इतिहास मात्र निराळेच सांगतो.

मुंबईचे सरकारी विधी महाविद्यालय 1855 सालचे, विद्यापीठ 1857 सालचे. न्यायमूर्ती रानडे 1862 साली बी.ए. झाले, पुढे एम.ए. झाले आणि कायद्याची पदवी त्यांनी 1866 साली घेतली. डॉ. आंबेडकरांनीही बॅरिस्टर होण्याआधी कोलंबिया विद्यापीठात अर्थशास्त्र, इतिहास व समाजशास्त्र यांचा कसून अभ्यास केला होता.

परंतु या विषयाला सर्वांत जवळचे उदाहरण न्यायमूर्ती महंमद करीम छागला यांचे आहे. 1900 साली मुंबईत जन्मलेले छागला सेंट झेवियर्समध्ये शिकले आणि नंतर ऑक्सफर्डच्या लिंकन कॉलेजात गेले. तेथे त्यांनी विषय घेतला तो कायदा नव्हे, इतिहास! 1922 साली बॅरिस्टर होऊन ते परतले, तरी पहिली काही वर्षे पक्षकारांची वाट पाहण्यातच गेली. (वकिली लागलीच पैसा देते, असे मानणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.) पुढे ते विधी महाविद्यालयात प्राध्यापक झाले, 1941 साली न्यायाधीश आणि 1947 साली मुंबई उच्च न्यायालयाचे पहिले कायम भारतीय मुख्य न्यायाधीश झाले. 1958 साली मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांनी जाहीर सुनावणी घेऊन अवघ्या 24 दिवसांत संपविली. कोण काय म्हणतो, कागद काय म्हणतो, आणि दोहोंत अंतर का पडते, हे शोधणे इतिहासाच्या विद्यार्थ्याचेच काम नव्हे काय?

असफ अली असगर फैजी यांची वाट आणखी वेगळी. केंब्रिजला त्यांनी अरबीचा अभ्यास केला. मूळ अरबी ग्रंथ स्वतः वाचणारा हा पंडित 1938 ते 1947 या काळात मुंबईच्या विधी महाविद्यालयाचा प्राचार्य होता. मुस्लिम कायद्यावरील त्यांचा 1949 सालचा ग्रंथ न्यायालयांत आजही आधाराला घेतला जातो. घरात अरबी, फारसी वा उर्दू असलेल्या आपल्या मुलामुलींनी या भाषांना ओझे समजू नये, ते यासाठीच.

आज दोन वाटा आहेत. बारावीनंतर पाच वर्षांचा बी.ए., एल्एल.बी. अभ्यासक्रम आहे, त्यातही इतिहास, राज्यशास्त्र व अर्थशास्त्र असतेच. दुसरी वाट कोणत्याही शाखेच्या पदवीनंतर तीन वर्षांची. माझे मत दुसरीकडे झुकते, कारण सतराव्या वर्षी आपल्याला वकीलच व्हावयाचे आहे, हे फार थोड्यांना ठाऊक असते. राज्याची प्रवेशपरीक्षा दोन्हींसाठी द्यावी लागते. उच्च न्यायालयाचे कामकाज मात्र इंग्रजीत चालते, तेव्हा बी.ए.च्या तीन वर्षांत रोज इंग्रजी वृत्तपत्रातील एक अग्रलेख वाचून त्याचा सारांश स्वतःच्या शब्दांत लिहावा आणि महाविद्यालयाच्या वादविवाद स्पर्धेत एकदा तरी आपल्याला न पटणारी बाजू मांडून पाहावी.