तळटीप १७ : नाणेफेकीचा ढोल

१७. नाव लेखकानेच ठेवलेले. मूळ पद्धत केव्हिन कार्प्लस आणि अलेक्झांडर स्ट्राँग यांची, १९८३ मध्ये प्रसिद्ध झालेली. गोंगाटाचा छोटासा तुकडा फिरवत ठेवायचा आणि दर फेरीत शेजारच्या दोन नमुन्यांची सरासरी घ्यायची. आवाज विरत जातो आणि छेडलेली तार ऐकू येते. त्याच सरासरीचे चिन्ह नाणेफेक केल्यासारखे कधी अधिक, कधी उणे ठेवले, की तारेचा सूर मोडतो आणि थाप उरते. चामड्याचे गणित यात कुठेच नाही, तरी कान फसतो. ‘पॅच’ म्हणजे मिलर पकेट यांच्या ‘प्युअर डेटा’ या प्रणालीत चौकटी रेषांनी जोडून केलेली मांडणी. लेखक पुढे ‘जोडणी’ म्हणतो तीही हीच.