राज्याचा कैदी, संघीय न्यायालय

१२. अमेरिकेत खुनाचे बहुतेक खटले राज्यांच्या न्यायालयांत चालतात. तिथल्या वाटा संपल्या की कैदी हेबिअस कॉर्पसचा अर्ज घेऊन संघीय जिल्हा न्यायालयात जाऊ शकतो. ही सोय १८६७च्या कायद्याने झाली. खटला नव्याने चालत नाही. संघीय राज्यघटनेचा किंवा कायद्याचा भंग करून त्याला डांबले आहे का, एवढेच पाहतात. १९९६च्या कायद्याने अर्जाला एक वर्षाची मुदत घातली आणि छाननीही आखडली.

मुदतींचा हा जाच किती टोकाला जातो, ते ‘बाऊल्स विरुद्ध रसेल’ प्रकरणात दिसते. ओहायोतल्या बाऊल्स या कैद्याचा अर्ज फेटाळला गेला. अपिलासाठी न्यायाधीशांनीच त्याला २७ फेब्रुवारी २००४ ही तारीख लेखी दिली. त्याने २६ तारखेला अपील दाखल केले. पण कायद्याने १४ दिवसच वाढवून देता येत होते आणि न्यायाधीशांनी दिले होते १७. चूक न्यायाधीशांची, भोगली कैद्याने: २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी अपील मुदतबाह्य ठरवले. हा निकाल मला उघड अन्याय वाटतो. न्या. सूटर यांचे विरोधी मत वाचकांनी मुळातून अवश्य वाचावे.