काचेच्या बरणीतला झाडबेडूक

मंडळी, परवा घोडेगावात शेजारच्या पोराने काचेची बरणी पुढे केली. "दादा, हा काय खाईना बघा." आत झाडबेडूक, सुकलेला. तळाला नळाचं पाणी. बेडूक पाणी कातडीतून घेतो आणि नळातलं क्लोरीन त्याच कातडीला बाधतं. चढायला फांदी नाही, झाकणाला भोक नाही. आजार बरणीचाच होता.

बेडकाशी आपलं नातं जुनंच. पाऊस लांबला की गावोगाव धोंडी निघायची, मुसळाला बेडूक बांधून, कडुनिंबाचा पाला लावून. पुढे त्याच बेडकाच्या तंगड्या हजारो टनांनी परदेशी ताटात जाऊ लागल्या. शेतातले किडे खाणाराच संपतोय अशी ओरड झाली, तेव्हा कुठे १९८७ मध्ये केंद्राने निर्यात बंद केली. कॉलेजातलं बेडूक कापणं थांबवायला यूजीसीला २०१४ उजाडलं.

आता उरली हौस. बेडकांच्या व्यापारातून कातडीची एक बुरशी जगभर पसरली. शास्त्रज्ञांनी ती ओळखली १९९८ च्या सुमारास, तोवर कित्येक जाती गेल्या होत्या.

पोराला समजावलं. विहिरीचं पाणी शिंपडलं आणि अंधार पडल्यावर जिथून आणला त्याच झुडपात सोडला. जगेल का, सांगता येत नाही.

शेकरूसाठी भीमाशंकरचं अख्खं जंगल १९८५ पासून राखलंय. बेडकासाठी आपल्याला एक बरणी रिकामी ठेवता येणार नाही का? घरातल्या पोरांना एवढं जरूर सांगा.