लहान मुलांचा खोकला : औषधाची बाटली उघडण्यापूर्वी

सप्टेंबर २०२५ मध्ये छिंदवाडा जिल्ह्याच्या परासिया परिसरातून नागपूरच्या रुग्णालयांत लहान मुले दाखल होऊ लागली. त्यांच्या आजाराची सुरुवात साध्या सर्दी-खोकल्याने आणि तापाने झाली होती. पुढे उलट्या सुरू झाल्या, लघवी कमी होत गेली आणि अखेर मूत्रपिंडे निकामी झाली. बैतुल आणि पांढुर्णा जिल्ह्यांतील बालकांचाही बळींमध्ये समावेश होता. मृतांची संख्या २० च्या पुढे गेली; त्यांतील बहुतेकांचे वय ५ वर्षांच्या आत होते. पांढुर्णा आणि सौंसर हे मराठीभाषक तालुके २०२३ पर्यंत छिंदवाडा जिल्ह्यातच मोडत होते.

कारण ठरले ते खोकल्याचे औषध. तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात श्रीसन फार्मास्युटिकल्स या कंपनीने तयार केलेल्या ‘कोल्ड्रिफ’ सिरपच्या ‘एसआर-१३’ या बॅचमध्ये तेथील सरकारी प्रयोगशाळेला डायथिलीन ग्लायकॉलचे प्रमाण ४८.६ टक्के आढळले. अनुज्ञेय मर्यादा ०.१ टक्का आहे. हे रसायन उद्योगांत वापरले जाते, चवीला गोड असते आणि औषधी दर्जाच्या द्रावकापेक्षा स्वस्त पडते. शरीरात त्यापासून तयार होणारे आम्ल मूत्रपिंडातील सूक्ष्म नलिकांचा नाश करते. लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी, की ३ ऑक्टोबरला मध्य प्रदेशातून घेतलेल्या काही नमुन्यांत हे रसायन नसल्याचे केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने कळवले होते. एक बाटली निर्दोष निघाली म्हणून दुसरीही तशीच असेल, असे गृहीत धरता येत नाही. हे विष आपल्याला नवीनही नाही. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात दूषित ग्लिसरॉलमुळे १४ रुग्ण दगावले होते आणि त्याच्या चौकशीसाठी न्या. लेंटिन आयोग नेमावा लागला होता.

तपास आणि खटले यथावकाश होतील. पालकांच्या दृष्टीने त्याहून निकडीचा प्रश्न असा, की या बालकांना त्या औषधाची गरज तरी होती का? कोल्ड्रिफमध्ये पॅरासिटामॉलबरोबर क्लोरफेनिरामिन आणि फिनाईलेफ्रिन ही द्रव्ये होती. शेवटच्या दोन द्रव्यांचे ठरावीक मिश्रण ४ वर्षांखालील मुलांना देऊ नये, असा केंद्रीय औषध नियंत्रकांचा आदेश डिसेंबर २०२३ पासूनच आहे. ऑक्टोबर २०२५ मध्ये केंद्राने पुन्हा बजावले : २ वर्षांखालील मुलांना सर्दी-खोकल्याची औषधे देऊ नयेत आणि ५ वर्षांखालीही ती सर्वसाधारणपणे टाळावीत. म्हणजे भेसळ नसतानाही ही औषधे लहानग्यांसाठी योग्य नव्हती. त्यांचा लाभ नगण्य. गुंगी, अस्वस्थता, हृदयाचे ठोके वाढणे हे धोके मात्र खरे.

खोकला हा मुळात आजार नव्हे. श्वासनलिकेत साचलेला कफ बाहेर टाकण्याची ती शरीराची व्यवस्था आहे. शाळेत न जाणाऱ्या लहान मुलाला वर्षातून ६ ते ८ वेळा सर्दी होणे स्वाभाविक मानले जाते. बहुतेक वेळा कारण विषाणू असतो, आणि त्यावर प्रतिजैविके काम करीत नाहीत. अशा खोकल्यातून निम्मी मुले सुमारे १० दिवसांत बरी होतात. उरलेल्यांपैकी बहुतेकांना २५ दिवसांपर्यंत वेळ लागतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी डॉक्टर बदलणाऱ्या किंवा ‘जरा जोरदार औषध द्या’ म्हणणाऱ्या पालकांनी हा आकडा ध्यानात ठेवावा. या भागात संत्र्यालाही उगाच दोष दिला जातो. संत्रे खाल्ल्याने खोकला लागत नाही.

मात्र काही खोकल्यांत थांबणे धोक्याचे असते. न्यूमोनिया ओळखण्यासाठी घरच्या घरी श्वास मोजता येतो. मूल शांत असताना, शक्यतो झोपेत, त्याच्या पोटाची हालचाल पूर्ण १ मिनिट पाहावी. २ महिन्यांखालील बाळाचे श्वास ६० किंवा अधिक, २ ते १२ महिन्यांच्या बाळाचे ५० किंवा अधिक आणि १ ते ५ वर्षांच्या मुलाचे ४० किंवा अधिक भरले, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जाणे, म्हणजेच ‘पोट उडणे’, ओठ निळसर होणे, दूध-पाणी न घेणे किंवा मूल सुस्त पडणे ही रुग्णालयात तत्काळ नेण्याची लक्षणे होत. अशा वेळी पोटाला डागण्या देण्याचे प्रकार मध्य प्रदेशात शहडोलकडे २०२३ मध्येही उघडकीस आले होते. त्याने न्यूमोनिया बरा होत नाही, कोवळ्या जिवाचे हाल मात्र होतात.

खेळता-खाता अचानक ठसका लागून खोकला सुरू झाला, तर शेंगदाणा किंवा फुटाणा श्वासनलिकेत अडकल्याची शंका घ्यावी. दोन आठवड्यांहून अधिक टिकणाऱ्या खोकल्यात, विशेषतः वजन घटत असेल किंवा घरात कोणाला क्षयरोग असेल, तर क्षयाची तपासणी करून घ्यावी. रात्री वा धावल्यावर वारंवार येणारा खोकला दम्याचा असू शकतो.

साध्या खोकल्यात घरचे उपाय पुरतात. कोमट पाणी, वरण, सूप वरचेवर द्यावे. अंगावर पिणाऱ्या बाळाला अधिक वेळा पाजावे. चोंदलेल्या नाकात मिठाच्या पाण्याचे, म्हणजे सलाईनचे, थेंब टाकावेत. १ वर्षावरील मुलाला झोपण्यापूर्वी अर्धा ते एक चमचा मध द्यावा. त्याहून लहान बाळाला मधाचे बोटही चाटवू नये. त्यातून बोट्युलिझम हा जीवघेणा आजार होऊ शकतो. चुलीचा आणि विडीचा धूर मुलापासून दूर ठेवावा, त्याने खोकला हटता हटत नाही.

डॉक्टरांनी औषध लिहून दिलेच, तर मात्रा वजनानुसार विचारून घ्यावी आणि ती घरच्या चमच्याने न देता बाटलीसोबतच्या मापानेच द्यावी. थोरल्याचे उरलेले औषध धाकट्याला देऊ नये. बिल आणि बाटली मूल बरे होईपर्यंत जपून ठेवावी, कारण बॅच क्रमांक त्यावरच असतो. कोणतेही औषध सुरू असताना मुलाला वारंवार उलट्या होऊ लागल्या, अंगावर सूज आली किंवा ते ६ ते ८ तास लघवीला गेले नाही, तर औषध थांबवून बाटलीसह रुग्णालय गाठावे. गाडीची सोय नसेल, तर १०८ वर रुग्णवाहिका बोलवावी.