बूढा तलाव मराठीत आणताना

पंडरीच्या कापडबाजाराजवळ मी राहते. इथून रिक्षा करताना 'बूढा तलाव' म्हटलं की पुरतं. 'विवेकानंद सरोवर' हे सरकारी नाव कुणी घेत नाही. पण एका हिंदी लेखाचं भाषांतर करताना याच नावाशी मी अडले. 'म्हातारं तळं' लिहू, की 'बूढादेवाचं तळं'? गोंड समाज या नावात आपला बूढादेव पाहतो. पहिला पर्याय घेतला तर देव हरवतो, आणि मराठी वाचकाला त्याचा पत्ताही लागत नाही. १८५४ पर्यंत हा मुलूख नागपूरकर भोसल्यांचा होता. मराठी ही इथं राज्यकर्त्यांची भाषा, म्हणून हात जास्तच थबकतो.

नवं नावही उपरं नाही. १८७७ मध्ये किशोरवयीन नरेंद्र वडिलांकडे रायपूरला आला, सुमारे दोन वर्षं राहिला. तळ्यात आता त्याचा पुतळा आहे.

रजबंधा तलाव मात्र बुजला. तिथं रजबंधा मैदान आहे. बांध फक्त नावात उरला. तेलीबांधा वाचला. २००० साली राजधानी झालेल्या शहरानं पुढं त्याच्या काठी फिरायला रस्ता केला आणि लोक त्याला 'मरीन ड्राइव्ह' म्हणू लागले. गोड्या पाण्याला मुंबईचा समुद्र! हसू येतं, पण संध्याकाळी मीही तिथंच फिरते.

लेखात शेवटी 'बूढा तलाव' तसंच ठेवलं. संपादकांनी तळटीप मागितली. दोन्ही अर्थ दिले, देवाचा आधी.