कुंपणावरचं तेल

करडईला रानात मधली जागा फारशी कुणी दिली नाही. आमच्या मंगळवेढ्याकडच्या काळ्या रानात मान रब्बी ज्वारीचा, मग हरभऱ्याचा. करडई पेरायची ती रानाच्या कडेला, चार-सहा ओळी, गुरं आत शिरू नयेत म्हणून. पानांच्या कडांना आणि बोंडाभोवती असे काटे की मोकाट गाईनं एकदा तोंड लावलं की ती पुन्हा त्या बांधाला फिरकायची नाही. कोवळेपणी मात्र हे काटे नसतात. तेव्हा तिचा पाला खुडून मुगाची डाळ घालून भाजी व्हायची.

काढणी म्हणजे शिक्षा. पहाटे दवानं काटे नरमलेले असताना निघायचं, हाताला गोणपाट, पिंढऱ्यांना जुन्या लुगड्याच्या चिंध्या, आणि ऊन चढलं की काम थांबवायचं. बी घाण्यावर जायचं. बैलाच्या डोळ्यांना झापडं, उखळात फिरणारी लाकडी लाट, आणि खालच्या भांड्यात पिवळंधमक तेल. तेल आपलं, पेंड म्हशीची. भाकरीवर शेंगदाण्याची चटणी, चटणीत बोटानं खळगा आणि खळग्यात कच्चं तेल. त्याला कुणी पौष्टिक म्हटल्याचं मला आठवत नाही. घरचं होतं म्हणून खायचो.

त्याआधी या झाडाचं वेगळंच वैभव होतं. तेलापेक्षा फुलाला भाव असायचा. पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्यानं धुऊन टाकायचा, उरलेला लाल खारानं सोडवून आंबटात बसवायचा, की कापडावर कुसुंबी चढायची. इजिप्तच्या थडग्यांत या फुलांच्या माळा सापडल्या आहेत. 1856 मध्ये लंडनच्या पर्किनला डांबरातून जांभळा रंग मिळाला, पाठोपाठ कारखान्यांचे लाल-गुलाबी रंग आले आणि पाकळ्या वेचणाऱ्यांचा धंदा काही दशकांत बसला. करडई परत बांधावर आली.

दुसऱ्यांदा तिला मोठं केलं ते रक्तातल्या कोलेस्टेरॉलनं. 1913 मध्ये रशियात अनिचकोव्हनं सशांना कोलेस्टेरॉल खाऊ घालून त्यांच्या धमन्या जाडावून दाखवल्या होत्या. ससा पाला खाणारा प्राणी, त्यामुळे माणसाबद्दल त्यावरून काय म्हणावं यावर वाद राहिलाच. मग 1952 च्या सुमारास कॅलिफोर्नियात किन्सेलला दिसलं की जेवणातली प्राण्यांची चरबी काढून वनस्पती तेल दिलं की माणसाचं कोलेस्टेरॉल उतरतं. न्यूयॉर्कमध्ये आरेन्स आणि मिनेसोटात अँसेल कीज हेच तपासत होते. यकृत रक्तातलं वाईट कोलेस्टेरॉल उचलून घेतं. तूप-लोण्यातल्यासारख्या संपृक्त चरबीनं ही उचल मंदावते, लिनोलिक आम्लासारख्या असंपृक्त चरबीनं वाढते. आता हे लिनोलिक सगळ्यात जास्त कुठे? करडईच्या तेलात, शंभरात पंचाहत्तरच्या आसपास. 1961 मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं संपृक्त चरबीच्या जागी अशी तेलं घ्या असा सल्ला दिला आणि आमची कडेची करडई एकदम पंगतीच्या मध्यावर आली.

जिथे सल्ला तिथे दुकान. त्याच वर्षी हर्मन टॅलर नावाच्या ब्रुकलिनच्या डॉक्टरानं उष्मांक मोजूच नका असं सांगणारं पुस्तक काढलं, ते लाखांनी खपलं, आणि त्याच्या जोडीला करडई तेलाच्या कॅप्सूल विकल्या गेल्या. सरकारनं त्या जप्त केल्या आणि 1967 मध्ये टॅलरला टपालातून फसवणूक केल्याबद्दल दोषी ठरवलं. आमच्या चटणीवरच्या तेलाच्या नावानं अमेरिकेत खटला चालला, हे मला फार उशिरा कळलं आणि अजूनही हसू येतं.

मुंबईत बॉम्बे ऑइल इंडस्ट्रीजनं साठच्या दशकात ‘सफोला’ आणलं, करडईचं शुद्ध केलेलं तेल. पुढे 1990 मध्ये मॅरिको कंपनी निघाली आणि हे नाव तिच्याकडे गेलं. मी लग्न होऊन दादरला आले तेव्हा सासऱ्यांना हृदयविकाराचा झटका येऊन गेला होता. डॉक्टरांनी तूप तोडलं, नारळ तोडला आणि करडईचं तेल लिहून दिलं. हो, लिहूनच दिलं, गोळ्यांच्या खाली. सासूबाईंनी तो डबा देव्हाऱ्याशेजारच्या फडताळात ठेवला, आणि मी माहेरी हेच तेल चटणीवर ओतून खायचे असं सांगितल्यावर माझ्याकडे अविश्वासानं बघितलं. वासाशिवायचं, रंगाशिवायचं ते तेल मलाही ओळखू आलं नसतं.

महिन्याभरात घराला नवं धैर्य आलं. हृदयाचंच तेल म्हटल्यावर भज्यांना भीती कसली? साबुदाणेवडे, पुऱ्या, आदल्या दिवशीच्या तळणातलंच पुन्हा दुसऱ्या दिवशी. वास्तविक असल्या तेलाचा तापल्यावर चटकन बिघडण्याचा स्वभाव, तळणाला ते सगळ्यात गैरसोयीचं. मंगळवेढ्यात भाकरी होती, डाळ होती, पाला होता, तळण सणासुदीला. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर या सगळ्यातलं फक्त तेल आलं होतं. माझ्या मते शहरानं करडईशी केलेली मोठी चूक हीच: ताट सोडलं आणि डबा उचलला.

डब्यावरचा विश्वास हलवणारा प्रयोग तोवर ऑस्ट्रेलियात होऊन गेला होता. 1966 ते 1973 या काळात सिडनीत हृदयविकार होऊन गेलेल्या 458 पुरुषांपैकी निम्म्यांना लोणी-चरबीऐवजी करडईचं तेल आणि करडईचं मार्गारिन दिलं. कोलेस्टेरॉल उतरलं, पण मृत्यू त्याच गटात जास्त झाले: 17.6 टक्के, दुसऱ्या गटात 11.8. जास्त मृत्यूंची नोंद 1978 मध्ये छापली गेली होती. पण हृदयविकाराच्या मृत्यूंचा पूर्ण हिशेब जुन्या चुंबकीय फितींवरून काढून रॅम्सडेन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी मांडला तो 2013 मध्ये. यावरही भांडण आहे. त्या मार्गारिनमध्ये ट्रान्स चरबी असावी, एकच प्रयोग आणि तोही लहान, असे आक्षेप आहेत, आणि ते खोटे नाहीत. एकंदर पुरावा आजही तूप-लोण्याऐवजी असंपृक्त तेल घेण्याच्याच बाजूनं आहे. फक्त रक्ताच्या अहवालावरचा आकडा उतरणं आणि माणूस वाचणं या दोन गोष्टी तिथे वेगळ्या निघाल्या.

दरम्यान तेल करडईच्या आतच बदललं. 1957 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या दोघा शास्त्रज्ञांनी भारतातून गेलेल्या बियाण्यात ऑलिव्हसारखं, ओलेइक आम्लानं भरलेलं तेल शोधलं, आणि कॅलिफोर्नियात पॉल नोल्सनं त्यावरून 1966 मध्ये नवं वाण काढलं. तळणाला टिकणारं तेल आपल्याच बियांतून परदेशात तयार झालं.

इकडे पीक आटलं. ऐंशीच्या दशकात देशात सात लाख हेक्टरांच्या आसपास करडई असायची, मुख्यत्वे महाराष्ट्र आणि कर्नाटकात. आता एक लाखही भरत नाही. 1994 मध्ये पामतेलाची आयात खुली झाली, भाव पडले. पाणी आलेल्या रानात ऊस गेला, कोरडवाहूत सोयाबीन-हरभरा. माव्याची कीड पडायची ती निराळीच. पण सगळ्यांवर ताण काट्यांचा: पहाटे चार वाजता चिंध्या बांधून कोण निघणार? शहरात ‘हृदयाचं तेल’ म्हणून विकल्या जाणाऱ्या कित्येक बाटल्यांत आता तांदळाच्या कोंड्याचं आणि इतर तेलांचं मिश्रण असतं.

फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेनं बिनकाट्याचं ‘नारी-6’ काढलं, बी आणि पाकळ्या दोन्हींसाठी. चिनी वैद्यकात या पाकळ्या रक्ताभिसरणासाठी वापरतात, त्यामुळे त्यांचा चहा विकला जातो. रंगासाठी वेचायचं ते फूल आता औषध म्हणून वेचायचं. मी त्या चहाची गोष्ट दादाला फोनवर सांगितली. दादानं यंदा बांधाला दोन ओळी टाकल्यात, ढोरांसाठी आणि भाजीसाठी. तो म्हणाला, पाकळ्या वेचायला बायका पाठव, चहा मी फुकट पाजतो.