तिकिटाचा पैसा कोणाकडे गेला? एड्स, रंगमंच आणि आपला वर्धा जिल्हा

तुमच्या कॉलेजात रेड रिबन क्लब असेल, तर १ डिसेंबरला काय होतं ते तुम्हाला पाठ असेल. रॅली, पथनाट्य, रांगोळी आणि छातीवर लाल फीत. ही फीत कुठल्या आरोग्य खात्यातून निघाली असावी असं वाटतं. प्रत्यक्षात १९९१ साली न्यूयॉर्कमधल्या ‘व्हिज्युअल एड्स’ या गटातल्या कलावंतांनी ती तयार केली आणि त्याच वर्षी टोनी पुरस्कारांच्या सोहळ्यात नट जेरेमी आयर्न्स ती कोटाला लावून आला. सरकारी दवाखान्याच्या पाटीवरची ही खूण आधी नाटकवाल्यांच्या अंगावर होती.

माझं एम.एस्सी. सूक्ष्मजीवशास्त्रात झालं. त्यामुळे रोगाचा इतिहास म्हटलं की मला आधी विषाणू दिसायचा, मग औषध, मग साथीचा आलेख. पीएचडीला लागल्यावर एक अगदी साधा प्रश्न कामाला आला. या रोगाच्या नावाने पैसा कोणाकडून निघाला आणि कोणाकडे पोचला? तुम्ही विषय शोधत असाल, तर हा प्रश्न उचला. त्याला कागद सापडतात, आणि भावनांपेक्षा कागद बरे.

सुरुवात न्यूयॉर्कपासूनच करू. तिथल्या नाट्यसृष्टीत एड्सने माणसं अक्षरशः ओढून नेली. नट, नर्तक, वेशभूषाकार, संगीतकार, सगळेच. तेव्हा नटांच्या संघटनेने, म्हणजे अ‍ॅक्टर्स इक्विटीने, १९८७ मध्ये ‘इक्विटी फाइट्स एड्स’ हा निधी सुरू केला. पुढच्या वर्षी निर्मात्यांनी ‘ब्रॉडवे केअर्स’ काढलं. १९९२ मध्ये दोन्ही एक झाले. त्यांची पद्धत पाहण्यासारखी आहे. प्रयोग संपतो, टाळ्या होतात, मग त्याच वेशातला नट पुढे येऊन प्रेक्षकांना आवाहन करतो आणि दाराशी कलाकार लाल बादल्या घेऊन उभे राहतात. आपल्याकडे कीर्तनानंतर आरतीचं ताट फिरतं, थेट तसंच.

गायकांचा मार्ग थोडा वेगळा होता. १९८५ मध्ये डिऑन वॉर्विकने एल्टन जॉन, ग्लॅडिस नाइट आणि स्टीव्ही वंडर यांच्यासोबत एक गाणं रेकॉर्ड केलं आणि त्याचं उत्पन्न ‘अ‍ॅमफार’ या एड्स संशोधनासाठीच्या संस्थेला दिलं. रक्कम ३० लाख डॉलरच्या वर गेली.

आणि मग फ्रेडी मर्क्युरी. तो आपल्याला इतका परका नाही. हा पारशी मुलगा, फारोख बलसारा, शाळा शिकला पाचगणीच्या सेंट पीटर्समध्ये आणि त्याचा पहिला बँड ‘द हेक्टिक्स’ तिथलाच. २३ नोव्हेंबर १९९१ ला त्याने आपला आजार जाहीर केला आणि दुसऱ्या दिवशी तो गेला. त्या डिसेंबरात ‘बोहेमियन ऱ्हॅप्सडी’ पुन्हा बाजारात आलं आणि त्याचं उत्पन्न टेरेन्स हिगिन्स ट्रस्टला गेलं. २० एप्रिल १९९२ ला लंडनच्या वेम्ब्ली स्टेडियममध्ये त्याच्या आठवणीत मैफल झाली. तिच्यातून ‘मर्क्युरी फिनिक्स ट्रस्ट’ उभा राहिला, तो आजही जगभरच्या एड्सच्या कामाला पैसा देतो. या सगळ्यात एक गोष्ट समान आहे. मेलेला माणूस आपलाच होता, म्हणून रंगमंचाने पैसा गोळा केला. प्रवाह कलावंताकडून रुग्णाकडे.

आता इकडे या. भारतात एचआयव्हीची पहिली नोंद १९८६ मध्ये चेन्नईत झाली, डॉ. सुनीती सॉलोमन यांच्या पथकाकडून. १९९२ मध्ये राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना स्थापन झाली. तिच्या पहिल्या टप्प्याचा मोठा आधार होता जागतिक बँकेचं ८.४ कोटी डॉलरचं कर्ज. म्हणजे काम आकाराला येत होतं तेव्हाच पैसा वरून आला. मग कलावंत लागला कशासाठी? निरोप पोचवायला. कलापथक, पोवाडा, भारूड, पथनाट्य. गावाच्या चौकात प्रयोग करायचा आणि मानधन घ्यायचं. प्रवाह उलटा झाला, सरकारकडून कलावंताकडे. रुग्ण त्या वाटेवर कुठेच नव्हता. उलट सुरुवातीच्या प्रचारात तो भीतीचं चित्र होता. लाल बादलीवाला नट सांगतो, आमच्या माणसासाठी द्या. मानधनावरचा शाहीर सांगतो, सांभाळून राहा. ऐकणाऱ्याच्या मनात रुग्णाची जागा इथेच ठरते.

‘आपला समाजच बुरसटलेला, लाजेच्या रोगाला कोण पैसे देणार’ असं उत्तर सेमिनारमध्ये हमखास मिळतं. मला ते आळशी वाटतं, आणि त्याला खोडणारा पुरावा आपल्याच जिल्ह्याच्या आसपास पडलेला आहे. कुष्ठरोगाइतका लाजेचा रोग कुठला? त्याच वर्ध्याजवळ दत्तपूरला १९३६ मध्ये मनोहर दिवाणांनी कुष्ठधाम सुरू केलं. बाबा आमटे जन्मले आपल्या हिंगणघाटला. पुढे सेवाग्रामहून बल्लारशाकडे जाणाऱ्या रेल्वेवरच्या वरोऱ्याला त्यांनी आनंदवन उभारलं. तिथे डॉ. विकास आमटे यांच्या पुढाकाराने ‘स्वरानंदवन’ हा वाद्यवृंद तयार झाला. त्यात कुष्ठमुक्त आणि अपंग कलाकार स्वतः गातात, वाजवतात, नाचतात. लोक तिकीट काढून बघतात. इथे तर रुग्ण आणि कलावंत एकच झाला!

व्यसनाचंही तसंच. अनिल अवचटांचे गर्दवरचे लेख वाचून पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांनी एक लाख रुपये दिले आणि १९८६ मध्ये पुण्यात मुक्तांगण सुरू झालं. चेन्नईच्या नोंदीचंच वर्ष, बरं का. डॉ. श्रीराम लागू, निळू फुले आदींनी ‘लग्नाची बेडी’चे प्रयोग करून सामाजिक कृतज्ञता निधी जमवला, तो चळवळीतल्या कार्यकर्त्यांना मानधन देण्यासाठी. मराठी रंगमंचाला झोळी फिरवायची सवय होती, आणि अवघड विषयांचं वावडंही नव्हतं.

मग फरक कशाने पडला? माझं म्हणणं असं. दत्तपूर, आनंदवन, मुक्तांगण यांना एक पत्ता होता. तिथे जाता येत होतं, मागणाऱ्या माणसाला नाव होतं. एड्सच्या रुग्णाला नाव लपवावं लागत होतं आणि त्याच्या जागी एक योजना उभी होती. योजनेसाठी कोणी नाटकाचा प्रयोग लावत नाही. तिकडे फ्रेडीचं नाव जगाला माहीत होतं. हे म्हणणं खोडून काढता येईल, अवश्य काढा, पण ‘मानसिकता’ या शब्दाने काढू नका.

कशाने काढाल? करमणूक कराच्या फायलींनी. मुंबई करमणूक शुल्क अधिनियम १९२३ चा, आणि २०१७ मध्ये जीएसटी येईपर्यंत हा कर होता. धर्मादाय कामासाठीच्या प्रयोगांना त्यातून माफी मागता यायची. हा विषय जिल्हाधिकारी कार्यालयाच्या करमणूक शुल्क शाखेकडे असायचा. त्या अर्जांमध्ये कार्यक्रम कोणता आणि पैसा कोणासाठी, हे शोधायचं. जोडीला धर्मादाय आयुक्तांकडचे न्यासांचे वार्षिक हिशेब घ्या. वर्ध्यात सुरुवात करायची तर १९८६ ते २००४ हा काळ धरा, कारण १ एप्रिल २००४ पासून महाराष्ट्रासह काही राज्यांत सरकारी केंद्रांतून एचआयव्हीची औषधं मोफत मिळू लागली आणि पैशाचा प्रश्नच बदलला. अर्ज मराठीत, एका पानाचा करा, आणि ‘संशोधनासाठी’ हे पहिल्याच ओळीत लिहा.